मागे फिरायचं बटण

रेसिंग गेममधे रिवाइंड, म्हणजे चुकल्यावर काही सेकंद मागे जायचं बटण, वापरणाऱ्यांना नाकं मुरडणारी एक जमात आहे. खरा ड्रायव्हर रिवाइंड वापरत नाही, चूक झाली तर भोगायची, वगैरे वगैरे. मला ही मंडळी कधीच पटली नाहीत. का पटत नाहीत याचा विचार करत बसलो आणि गाडी भलतीकडेच गेली, आधी सायन्स फिक्शन सीरियल्सकडे आणि तिथून सॉफ्टवेअरकडे, कारण केलेलं मागे घेता येणं हा प्रकार तिन्हीकडे आहे आणि तिन्हीकडे त्याची गंमत वेगळी आहे.

आधी गेमचं बघू. २००८ साली कोडमास्टर्सचा 'ग्रिड' आला, त्यात फ्लॅशबॅक होता. गाडी भिंतीवर आपटली की खेळ थांबवायचा, शेवटचे काही सेकंद रिप्लेसारखे मागे न्यायचे आणि पाहिजे तिथून गाडी परत हातात घ्यायची. हे फ्लॅशबॅक मोजकेच मिळायचे, डिफिकल्टी चढवली की अजून कमी. पुढच्याच वर्षी 'फोर्झा मोटरस्पोर्ट ३' ने ते मोजणंच सोडून दिलं, घ्या म्हणाले हवं तितकं रिवाइंड. काळ मागे फिरवायची आयडिया काही त्यांची नव्हती, २००३ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया' मधे राजपुत्र वाळूच्या जादूने तेच करायचा. पण तिथे ती गोष्टीतली जादू होती. रेसिंगमधे जादूबिदू काही नाही, सरळ कंट्रोलरवर एक बटण, आणि त्याचं कोणी काही स्पष्टीकरणही दिलं नाही. मला हेच भारी वाटलं.

त्याआधीची परिस्थिती आठवून बघा. शेवटचा लॅप चालू आहे, तुम्ही पहिले आहात, आणि मागच्या कॉम्प्युटरच्या गाडीने ब्रेक न मारता तुमच्यात घुसवली. रीस्टार्ट. संपूर्ण रेस परत. जर्मनीतला न्युर्बुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफे हा ट्रॅक घ्या, एक लॅप म्हणजे २० किलोमीटरच्या वर, चांगल्या गाडीलाही सात-आठ मिनिटं लागतात, आणि शेवटाकडच्या कॉर्नरला चुकलात तर तो कॉर्नर परत बघायला परत सात-आठ मिनिटं. तोपर्यंत मगाशी ब्रेक नक्की कुठे मारला होता हे डोक्यातूनही गेलेलं असतं आणि बोटातूनही. रिवाइंडमधे तेच कॉर्नर दहा सेकंदात परत समोर येतं, चूक अजून ताजी असते, या वेळी थोडं आधी ब्रेक, परत चुकलं, मग अजून थोडं आधी. याला चीटिंग म्हणायचं? मी तर याला सराव म्हणतो.

'ग्रान टुरिस्मो' वाले रिवाइंड देत नाहीत, त्यांचा बाणा वेगळा आहे. पण १९९७ च्या पहिल्याच गेममधे त्यांनी लायसन्स टेस्ट ठेवल्या होत्या, एकच कॉर्नर किंवा रस्त्याचा छोटासा तुकडा, गोल्ड मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा. विचार तोच हो, फक्त सोवळ्यात. आणि अशा घोटण्याने खरंच काही येतं का म्हणाल, तर लुकास ओर्दोन्येझ नावाचा स्पॅनिश मुलगा २००८ मधे याच गेमच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २०११ ला ले मान्सच्या २४ तासांच्या रेसमधे त्याची टीम आपल्या क्लासमधे दुसरी आली. खऱ्या गाडीत, जिथे रिवाइंड नसतं.

आतून हे चालतं कसं तेही मजेदार आहे. गेम सतत सगळ्या जगाच्या प्रती काढून ठेवत असतो, प्रत्येक गाडी कुठे आहे, किती वेगात, कुठल्या कोनात, टायर किती तापलेत, बंपर कितपत चेपलाय, आणि ठरावीक सेकंदांपेक्षा जुन्या प्रती फेकून देतो. बटण दाबलं की त्या प्रती उलट्या क्रमाने लावायच्या. एक जरी गोष्ट जपायची राहिली तर तुम्ही परत याल ते जरा वेगळ्याच जगात. थोडक्यात गाडी विसरते, रस्ता विसरतो, मागची ती घुसखोर गाडी पण विसरते. विसरत नाही फक्त खेळणारा. माझ्या मते सगळी मेख इथे आहे, काळ मागे गेल्यावर कोणाला काय आठवतंय.

आता टीव्ही. 'स्टार ट्रेक व्हॉयेजर' चा १९९७ चा 'इयर ऑफ हेल' हा दोन भागांचा एपिसोड बघा. जहाजाची चाळण होते, माणसं मरतात, कॅप्टन जेनवे भाजते, तिचा अधिकारी टूव्होक आंधळा होतो, आणि आपण खुर्चीच्या कडेला येऊन बसतो की बाबा आता हे यातून सावरणार कसे. तर जेनवे आपलं जहाज काळाशी खेळणाऱ्या शत्रूच्या जहाजावर नेऊन आदळते आणि सगळं साफ, जसं होतं तसं, कोणालाच काही आठवत नाही. म्हणजे दीड तास जे बघितलं ते फक्त आपल्याला माहिती, त्यांच्यापैकी एकालाही नाही!! रेसिंग गेमच्या बरोब्बर उलटं. ज्यांनी भोगलं त्यांच्या हाती काहीच लागलं नाही, आणि आपल्याला त्या आठवणीचा उपयोग शून्य. चाहते याला रीसेट बटण म्हणतात आणि शिवी दिल्यासारखं म्हणतात, ते योग्यच आहे.

अर्थात लेखकांना सगळा दोष देता येत नाही. त्या काळी रीरनमधे एपिसोड कुठल्याही क्रमाने लागायचे, मधूनच बघणाऱ्यालाही कळलं पाहिजे, म्हणून आठवड्याच्या शेवटी सगळं आवरून जागच्या जागी ठेवायचं. गोष्टीची ती गरज नव्हती, चॅनलची होती.

पण त्याच बंधनात लोकांनी काय काय करून दाखवलंय. स्टार ट्रेकच्याच 'नेक्स्ट जनरेशन' चा १९९२ चा 'कॉज अँड इफेक्ट', ज्यात टायटल्सच्या आधीच एंटरप्राइझ फुटते, म्हणजे हिरोंचं जहाज पहिल्याच मिनिटात सगळ्यांसकट खलास, आणि मग जाहिरातीनंतर सगळे निवांत पत्ते खेळतायत. काळ गोल फिरतोय आणि त्यांना माहिती नाही, पण दर फेरीत थोडंसं काहीतरी उरतं, कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं, पुढचा पत्ता कुठला पडणार ते आधीच कळतं. शेवटी डेटा नावाचा यंत्रमानव स्वतःलाच पुढच्या फेरीत एक आकडा पाठवतो, फक्त ३. बस एवढीच आठवण, आणि तेवढ्यावर जहाज वाचतं. मी त्या एपिसोडला कधीच रीसेट म्हणणार नाही.

आणि मग 'स्टारगेट एसजी-१' चा २००० सालचा 'विंडो ऑफ अपॉर्च्युनिटी', माझा सगळ्यात लाडका. दिवस पुन्हा पुन्हा तोच, पण ओनील आणि टील्क या दोघांनाच सगळं आठवतं. सुरवातीला वैताग, मग नाइलाजाने एक प्राचीन भाषा शिकायला लागतात कारण ज्याला ती येते त्याच्या डोक्यात दर फेरीला पाटी कोरी असते, आणि मग कंटाळा आला की आकाशगंगा पार करणाऱ्या स्टारगेट नावाच्या त्या अफाट यंत्रातून गोल्फचे बॉल मारतात. ओनील एका फेरीत चक्क राजीनामा देऊन टीममधल्या कार्टरचं चुंबन घेतो, कारण थोड्या वेळात ते झालेलंच नसणार. रिवाइंडवर बोट ठेवून गाडी चालवणारा माणूस असाच असतो, आधी निर्धास्त, मग वात्रट, आणि दोन्हीच्या मधे कधीतरी कॉर्नर शिकून मोकळा झालेला.

दुसऱ्या टोकाला 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका', २००४ ची. ती करणारा रोनाल्ड मूर आधी काही काळ व्हॉयेजरच्या टीममधे होता, तिथून बाहेर पडल्यावर त्याने उघडच टीका केली होती की इतकी वर्षं घरापासून लांब भटकणारं जहाज दर आठवड्याला नवंकोरं कसं काय दिसतं. मग गॅलॅक्टिका करताना त्याने उलट केलं. जिवंत उरलेल्या माणसांचा आकडा सरळ टायटल्समधे टाकला, सत्तेचाळीस हजार आणि काही, आणि माणसं गेली की तो कमी व्हायचा. जहाजावर पडलेले ओरखडे तसेच राहायचे. कोणी काहीही मागे घेऊ शकत नाही ही भीती त्या सीरियलमधे सतत आहे, आणि ती माझ्या मते लेझरच्या लढायांपेक्षा जास्त चांगली सायन्स फिक्शन आहे. (स्पेसशिप विमानासारखी कलंडून वळतात ते मला अजून सहन होत नाही, 'द एक्सपान्स' वाल्यांनी निदान वेग कमी करायला जहाज उलटं फिरवून इंजिन लावायला तरी लावलं. पण तो वेगळा लेख आहे.)

आता सॉफ्टवेअर. इनोव्हेशन हा शब्द इतका वापरलाय की त्यात काही राहिलं नाहीये, बटणांचे कोपरे गोल केले तरी स्टेजवर येऊन टाळ्या घेतात. मला कोणी विचारलं की सॉफ्टवेअरमधला सगळ्यात खरा शोध कुठला तर मी अनडू, म्हणजे केलेलं मागे घ्यायची सोय, म्हणेन, आणि यावर वाद घालायला तयार आहे. हातोडा मारला, कात्री चालवली, शाई सांडली, बाहेरच्या जगात कुठेच मागे जाता येत नाही. कॉम्प्युटरने बाकी जे केलं ते बरंचसं आधीच्याच गोष्टी जोरात करणं आहे, हे एक मात्र आधी कुठेच नव्हतं.

आणि तेही आयतं आलेलं नाही. १९७० च्या दशकाच्या सुरवातीला वॉरन टाइटलमन याने बीबीएन-लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत प्रोग्रामरला केलेलं उलटवायची सोय दिली. झेरॉक्सच्या पार्क (PARC) या संशोधन केंद्रातल्या 'ब्राव्हो' या लिहायच्या एडिटरमधे अनडू होतं, ते १९७४ चं. मग अॅपलच्या लिसा आणि मॅकिंटॉश या कॉम्प्युटरनी ते सामान्य माणसाच्या मेनूत आणून ठेवलं. पण सुरवातीला बहुतेक ठिकाणी फक्त एक पायरी, परत दाबलं की अनडूचंच अनडू. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमधे कित्येक पायऱ्या मागे जायची हिस्टरी थेट १९९८ मधे, पाचव्या व्हर्जनला आली, तोपर्यंत चित्रकार मंडळी दर थोड्या वेळाने वेगळ्या नावाने फाइल सेव्ह करत बसायची. एक पायरी आणि पन्नास पायऱ्या यात फरक नुसता आकड्याचा नाही. एकच पायरी असली की माणूस जपून काम करतो, पन्नास असल्या की करून बघू म्हणतो.

याच्या उलट तो 'तुम्हाला नक्की खात्री आहे का?' विचारणारा डबा. मी रोज वापरतो त्या एका अॅपमधे काहीही डिलीट करताना हा डबा येतो, आणि एकदा हो म्हटलं की ते गेलंच. मॅकिंटॉशचा प्रोजेक्ट ज्याने सुरू केला तो जेफ रास्किन हे फार आधी सांगून गेलाय की असे प्रश्न सवयीचे होतात, माणूस न वाचता हो दाबतो, त्यामुळे संरक्षण काहीच होत नाही. विचारू नका हो, करू द्या आणि मागे घेऊ द्या. पण विचारणं सोपं असतं, डबा एका ओळीत होतो, अनडूसाठी पहिल्या दिवसापासून सगळी रचना तशी करावी लागते, म्हणून कंपन्या डबा देतात.

काही वेळा तर अनडूचं नुसतं नाटक असतं, आणि ते नाटकही मला आवडतं. जीमेलचं अनडू सेंड घ्या. गेलेली मेल कोणी परत आणू शकत नाही, ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर पोचलेली असते. तर त्यांनी काय केलं, मेल पाठवलीच नाही! सेंड दाबल्यावर काही सेकंद, जास्तीत जास्त ३०, ती स्वतःकडेच धरून ठेवतात आणि आपल्याला सांगतात पाठवली म्हणून. खोटंच, पण कसलं उपयोगी खोटं. रागात लिहिलेल्या कितीतरी मेल त्या तीस सेकंदात मेल्या असतील.

आणि गिट, प्रोग्रामर लोकांच्या कोडच्या जुन्या प्रती सांभाळणारं सॉफ्टवेअर. २००५ मधे लिनस तोरवाल्ड्सने लिनक्ससाठी ते लिहिलं, आधीच्या सॉफ्टवेअरचं फुकट लायसन्स गेलं म्हणून अक्षरशः काही आठवड्यांत. त्याच्या कमांड्स कोणी सुचवल्या देव जाणे, पण आतला विचार फार सुंदर आहे. एकदा कमिट केलेलं, म्हणजे त्यात नोंदवून ठेवलेलं, सहसा पुसलं जात नाही, मागे गेलात तरी पुढचं तसंच कुठेतरी पडून राहतं आणि बऱ्याच दिवसांनीसुद्धा शोधून काढता येतं. व्हॉयेजरच्या लेखकांना कोणीतरी गिट शिकवायला पाहिजे होतं.

खरी अडचण येते ती दुसरा माणूस आला की. एकाच डॉक्युमेंटमधे आपण दोघं लिहितोय आणि मी अनडू दाबलं, तर काय जायला पाहिजे, माझं शेवटचं वाक्य की तुमचं? यावर संशोधक कित्येक वर्षं डोकं फोडतायत आणि साधारण उत्तर असं निघालं की ज्याने त्याने आपापलंच मागे घ्यावं. लिहिण्यात हे चालतं. रेसमधे कसं चालणार, माझी गाडी दहा सेकंद मागे गेली तर तुमची जिला मी धडकलो ती कुठे जाणार? म्हणून ऑनलाइन रेसमधे रिवाइंड नाही. 'ट्रॅकमेनिया' मधे चेकपॉइंटवर परत जाता येतं पण घड्याळ चालूच राहतं, जागा मागे जाते, वेळ नाही, हा तोडगा मला फार हुशारीचा वाटतो. तिथेच २०२१ मधे जुन्या रिप्लेंमधलं स्टिअरिंगचं इनपुट तपासून काही रेकॉर्डवाल्यांना पकडलं, ते गुपचूप गेमचा वेग कमी करून खेळत होते. तर 'आयरेसिंग' या ऑनलाइन गेममधे चुकांचा हिशोबच ठेवतात, ट्रॅक सोडला की एक पॉइंट, गाडी फिरली की दोन, दुसऱ्याला जोरात धडकलात की चार, मग चूक कोणाची का असेना, दोघांनाही.

तरी कधीतरी कोणीतरी सगळ्यांच्या संमतीने चालणारं ऑनलाइन रिवाइंड करून बघावं अशी माझी फार इच्छा आहे, वीस गाड्या, मतदान, बहुमत झालं की सगळे दहा सेकंद मागे. तांत्रिकदृष्ट्या जमण्यासारखं आहे. फक्त पहिल्या कॉर्नरला नेहमीप्रमाणे गर्दीत आठ-दहा गाड्या एकमेकांवर चढणार, ते सगळे मागे जायच्या बाजूने मत देणार, जे सुटून पुढे गेले ते विरोधात, परत तोच कॉर्नर, या वेळी दुसऱ्याच दहा जणांचं वाटोळं, परत मतदान, आणि रेस काही दुसऱ्या कॉर्नरपर्यंत पोचायची नाही.