जुना छर्रा

गोष्ट इतकीशी आहे आणि झोप पार उडाली आहे. लिहून बघते.

शिकार करून आणलेली बदकं नेहमीसारखीच माझ्याकडे आली. दादा दमलेला, बाकीचे बूट काढून गप्पांना बसलेले. साफ करायचं काम माझ्याकडेच का येतं, हे मी कधी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. आज मात्र लागलं. आतून हसण्याचे आवाज येत होते आणि मी मागच्या नळापाशी एकटी, बोटं गारठलेली. वहिनी एकदा दारात येऊन उभी राहिली, काही न बोलता आत गेली. असो, तिच्याबद्दल नको.

पिसं कोरडीच उपटली. अंगात ऊब असेपर्यंत सोपं जातं, गार झालं की कातडी पिसं सोडत नाही आणि जोर लावला तर फाटते. मोठी पिसं गेली तरी खालची दाट लव राहतेच. तिच्यासाठी मेण. गरम पाण्यावर वितळलेल्या मेणात बदक बुडवायचं, मग गार पाण्यात, की मेणाच्या सालीबरोबर लवही निघून येते. शेवटच्या नराची ही साल काढताना छातीच्या डाव्या बाजूला बोटाखाली काहीतरी सरकलं.

आजची जखम लगेच ओळखू येते. काळपट भोक, भोवती साकळलेलं रक्त, आणि आत बऱ्याचदा छऱ्याने ओढून नेलेला पिसांचा पुंजका. तो खणून काढावाच लागतो. इथे कातडी अखंड होती. चीर दिली तर मांसाला चिकटून पांढुरकं, पातळ पण चिवट आवरण, आणि त्यात एक छर्रा. राखाडी, जेमतेम तीन मिलिमीटरचा.

चुंबक धरलं, चिकटला नाही. आपली काडतुसं पोलादी छऱ्यांची. आजचे काढलेले सगळे पटापट चिकटले होते. सुरीचं टोक दाबलं तर खळगा पडला. शिसं. म्हणजे आजचा नाही, आपल्यातल्या कुणाचाच नाही.

या बदकावर आधी कुणीतरी बार काढला होता आणि ते मेलं नव्हतं. तेव्हापासून मी याच वाक्यापाशी अडकले आहे. मरणाचं म्हणाल तर ते मला नवं नाही, माझे हात कोपरापर्यंत त्यातच असतात. मग एवढ्याशा गोळीने का हलावं? ती जखम भरून आली होती म्हणून? शरीराने शिशाभोवती वेढा घातला, कातडी पुन्हा जुळवली, आणि ते उडत राहिलं. छातीचा मोठा स्नायू उचलून पाहिला. गडद लाल, लांब पल्ला उडणाऱ्याचा असतो तसा. त्याच्याखालचा निमुळता स्नायूही पाहिला, ज्याची दोरीसारखी कंडरा ओढली की पंख वर उठतो. ओढली. उठला. डावी बाजू उजवीइतकीच भरदार होती, फक्त एक पांढरी रेघ.

मांसात रुतलेलं शिसं बहुतेक तसंच पडून राहतं. खरा घात पोटात गेलं तर. दाणे दळायला बदकं तळातले खडे गिळतात, त्यांच्याबरोबर पडलेले छर्रेही गिळतात, आणि पेट्यात, म्हणजे दाणे दळणाऱ्या जाड पोटात, ते झिजून रक्तात उतरतात. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं १९९१ पासून बंद आहे ते यासाठीच. म्हणून याचा पेटा मुद्दाम उभा चिरला. वाळू, बारीक खडे, गवताचं बी. आतली पिवळी साल सोलून काढली, पुन्हा धुऊन पाहिलं. काही नव्हतं. आणि मला आनंद झाला! मेलेल्या पक्ष्याचा पेटा स्वच्छ निघाला याचा एवढा आनंद. तो कुठे ठेवायचा ते कळेना.

पुढचं काम हात आपोआप करत गेले. पित्ताची पिशवी, शेपटीवरची तेलाची गाठ, फासळ्यांत रुतलेली फुप्फुसं.

दुसरं कुणी कापायला बसलं असतं तर हा छर्रा मांसाबरोबर शिजला असता आणि कुणाच्या तरी दाताखाली येऊन ताटाच्या कडेला गेला असता. त्याला कुणी पाहिलंच नसतं. संध्याकाळी माझी मीच कीव करत होते, ती आता उरलेली नाही. येऊ देत बदकं माझ्याकडेच. मी नीट बघते.

पण एक राहिलंच. चाळीस मीटरच्या पुढे छर्रे विरळ होतात, जोर उतरतो, पोलादाचा तर शिशाहून लवकर. असा पक्षी पडत नाही, छर्रा घेऊन जातो. आणि जेवताना दादा सांगत होता, एक फार लांबचा होता, पिसं उडालेली दिसली पण गेला निघून. सगळे हळहळले, हातचा गेला म्हणून. मी भात वाढत होते.

उद्या त्याला विचारणार आहे, लांबचा म्हणजे नक्की किती लांब होता. चिडेल. चिडू दे.