आमची वाटचाल: दुमजली गल्ल्यांतले चुन्याचे काम

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात, म्हणजे गुलमंडी, औरंगपुरा, राजाबाजार आणि बेगमपुरा या भागांत, जुनी घरे दुरुस्त करणारी आमची फर्म लहान आहे, आणि ती लहानच राहिली याचे आम्हाला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. गेल्या काही वर्षांत या गल्ल्यांतून राहणे ही हौसेची बाब झाली, नक्षीच्या चौकटीपुढे उभे राहून लोक छायाचित्रे काढू लागले, घरांच्या जाहिरातींत ‘हेरिटेज’ हा शब्द येऊ लागला, आणि या साऱ्याचे श्रेय मात्र ज्यांनी आयुष्यात कधी चुना विरवला नाही अशा मंडळींच्या खात्यावर जमा झाले. म्हणून ही हकीकत लिहून ठेवीत आहोत.

आमचा धंदा भूकंपानंतर दोनेक वर्षांनी सुरू झाला, आणि तो काळ या धंद्यासाठी सर्वांत वाईट होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जे घडले ते मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. त्यानंतर दगडमातीचे घर म्हणजे मरण, ही समजूत सगळीकडे पसरली आणि आमच्या शहरातही माळवदे, म्हणजे लाकडी तुळयांवरची मातीची सपाट छते, उतरवून स्लॅब टाकण्याची घाई सुटली. भीती साहजिक होती. परंतु नेमके काय कोसळले हे पाहायला कोणी तयार नव्हते. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतीची आतली आणि बाहेरची अंगे एकमेकांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, मधली पोकळी मातीने आणि खड्यांनी भरलेली होती, आणि वर दरवर्षी गळतीवर इलाज म्हणून वाढवत नेलेला पांढरीचा, म्हणजे माळवदावर घालायच्या पांढऱ्या मातीचा, थर होता. शंभर चौरस फुटांवर एक फूट माती म्हणजे एक ब्रास, आणि एक ब्रास माती साडेचार टनांच्या घरात जाते. कित्येक घरांवर तर हा थर दोन फुटांपर्यंत चढलेला होता. याउलट खांब-तुळयांचा सांगाडा धड होता तिथे भिंती ढासळूनही छत खांबांवर तोलून राहिल्याची उदाहरणे त्याच भूकंपात सापडतात. आम्ही हे गिऱ्हाइकांना समजावून सांगत असू. ते शांतपणे ऐकून घेत, चहा पाजीत आणि स्लॅबच टाकीत.

आरंभापासून आमच्या बरोबरीचे भागीदार होते उस्ताद. त्यांचे नाव छापलेले त्यांना रुचणार नाही, आणि बेगमपुऱ्यात त्यांना कोणी नावाने हाक मारीतही नसे. आमच्याजवळ स्थापत्याची पदविका होती, त्यांच्याजवळ घाणी होती. घाणी म्हणजे दगडी फरसाचा गोल चर, त्यात फिरणारे दगडी चाक आणि ते ओढणारा बैल. पुढे बैलाच्या जागी मोटार आली, पण मोटारीचा वेग उस्तादांना कधी पटला नाही. कळीचा चुना हौदात पडला की पाणी अक्षरशः उकळते, म्हणून त्या वेळी ते कोणालाही वाकून पाहू देत नसत. डोळ्यांत एक थेंब उडाला तरी डोळा जातो. विरलेला चुना पाण्याखाली मुरू द्यायचा, मग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून घाणीतून काढायचा, आणि कामाप्रमाणे बेलफळाचा गर, गूळ किंवा हिरड्याचे पाणी मिसळायचे. मिश्रण झाले का हे पाहण्यासाठी ते करणीवर लोंदा घेऊन करणी उलटी धरीत. लोंदा लगेच सुटला तर चाक पुन्हा फिरायचे. उस्ताद डावरे होते, त्यामुळे ती करणी एकाच बाजूने झिजून तिचे टोक उजवीकडे कललेले होते. उजव्या हाताच्या माणसाने ती धरली की गिलाव्यावर चरा उठे. ती आजही आमच्या कपाटात आहे आणि कोणालाही वापरायला दिली जात नाही.

आता या गल्ल्यांतून राहण्यात असे काय आहे, हा प्रश्न. त्याचे उत्तर आम्हाला राजाबाजारातील एका बाईंकडून मिळाले. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, दोन्ही मुले सिडकोत राहायला गेली, आणि बाई संस्थान गणपतीच्या जवळच्या त्या दुमजली घरात एकट्या राहिल्या. दर गुढीपाडव्याच्या आसपास त्यांचा फोन येत असे: ‘‘अरे, माझ्या माळवदाला चैत्र लागला. येतोस ना?’’ मग आम्ही जाऊन वरची भेगाळलेली पांढरी उकरायची, जितकी नवी घालायची तितकी जुनी आधी उतरवायची, पन्हाळी साफ करायची आणि धुमसाने, म्हणजे माती दाबायच्या ठोकळ्याने, ठोकून घ्यायचे. दुपारी त्या आम्हाला ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीत, बसवून वरण-भात वाढीत. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हाही त्या ढाळजेत पंख्याची गरज भासत नसे. भिंत जाड असल्यामुळे दिवसाची उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ उलटून जाते, आणि तोवर माणसे माळवदावर अंथरुणे टाकून झोपायला गेलेली असतात. घराच्या मधल्या उघड्या चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि गल्लीतल्या सावलीतली हवा देवडीतून आत येते.

हे सारे उंचीवर अवलंबून असते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. घरे दोन मजल्यांची आहेत म्हणून अरुंद गल्लीतही प्रत्येकाच्या चौकात ऊन उतरते, वरच्या खोलीतल्या माणसाला खालून हाक ऐकू येते आणि गुडघे दुखणारी म्हातारी माणसेसुद्धा दिवसातून एकदा ओट्यावर येऊन बसू शकतात. माळवदे एकमेकांना लागून असल्याने कुरडया वाळत घातल्या की शेजारीण त्यावर नजर ठेवते आणि भांडणही तिथूनच करते. बाईंच्या चौकात एक कोरडा हौद होता. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवून पुढे जी नहर बांधली तिचे पाणी कधी काळी त्यात येत असे, असे घरात सांगत. त्याच गल्लीत कोणी एकाने जुने घर पाडून चार मजले चढवले, तेव्हा बाईंच्या चौकातले ऊन सकाळी दहापर्यंत येईनासे झाले आणि पुढच्या पावसाळ्यात त्या बाजूच्या भिंतीला प्रथमच लोणा, म्हणजे ओलीबरोबर फुटणारा क्षार, लागला. एक घर वाढले की शेजारची चार घरे बिघडतात.

यानंतर तो ठेकेदार आला. तो बाहेरून आला होता, बोलायला गोड होता, आणि त्याच्या माहितीपत्रकावर नक्षीच्या खांबांची रंगीत चित्रे होती. औरंगपुऱ्यातील एका मोठ्या वाड्याचे वारस पुण्याला असत. त्यांना वाडा दुरुस्त करून पाहुण्यांना राहण्यासाठी द्यायचा होता. खालच्या ओसरीचे दोन खण आम्ही आधी केलेले होते, म्हणून उरलेल्या कामाचा अंदाजही आम्हीच दिला: चुन्याचा गिलावा, कुजलेल्या तुळयांच्या जागी जुने सागवान, आणि मुदत दोन उन्हाळे. त्याने निम्मा दर आणि तीन महिने सांगितले. काम त्याला मिळाले. त्याने भिंतींवर सिमेंटचा गिलावा मारला, वर मातीचा रंग दिला, छताखाली पोकळ फळ्यांच्या खोट्या तुळया ठोकल्या आणि त्यांना तपकिरी पॉलिश केले. आमचे दोन चांगले कारागीर त्याने जास्त रोजावर नेले, त्यांपैकी एक उस्तादांचा भाचा होता. उद्घाटनाला फुलांची कमान होती आणि आम्हाला बोलावणे नव्हते.

दगडमातीच्या भिंतीला पायातून ओल चढतेच, कारण जुन्या भिंतींत ओल अडवणारा थर नसतो. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो आणि स्वतः थोडाथोडा झडतो. तो झडण्यासाठीच असतो, दर काही वर्षांनी तो पुन्हा करायचा असतो. सिमेंट ओलीला बाहेर जाऊ देत नाही, म्हणून ती आतल्या आत वर चढत जाते आणि जिथे तुळईचे टोक भिंतीत बसवलेले असते तिथे जाऊन थांबते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्या वाड्यातली एक खरी तुळई टोकाकडून खचली. सुदैवाने खोली रिकामी होती. ठेकेदाराने वारसांना सांगितले की जुने काम आमच्या फर्मचे, म्हणजे दोषही आमचाच. आणि हे गुलमंडीच्या प्रत्येक हॉटेलात पोहोचवण्याची व्यवस्थाही त्याने केली.

त्याचा परिणाम काय झाला असेल हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. आमचे काम तोंडी शिफारशीवर चालते, आणि तोंडी बदनामीवर थांबते. हातातली तीन कामे गिऱ्हाइकांनी अर्ध्यावर थांबवली, दोघांनी राहिलेली देयके दिली नाहीत, आणि पाडलेल्या वाड्यांचे जे सागवान आम्ही उधारीवर घेऊन ठेवले होते त्याचा व्यापारी रोज दारात येऊन बसू लागला. टेम्पो विकला. गोदाम सोडले. घाणीच्या जागेचे भाडे थकले. किनवट भागातून नवे सागवान आणण्याचा विचारही तेव्हाच सुटला. उस्तादांनी त्या काळात मजुरीचे नाव काढले नाही, पण हौदातला चुना विकून टाकावा असे आम्ही सुचवले तेव्हा ते चिडले. ‘‘चूना पानी के नीचे है, खाना नहीं माँगता. पड़ा रहने दो,’’ एवढेच म्हणाले आणि रोज सायंकाळी येऊन वरचे पाणी कमी झाले का ते पाहून जाऊ लागले.

या काळात एकच काम चालू राहिले, ते बाईंचे. त्यांनी लाकडी जिन्याची दुरुस्ती काढली, आगाऊ रक्कम हातावर ठेवली, आणि जिना खरोखर इतका वाईट नव्हता हे त्यांनाही आणि आम्हालाही ठाऊक होते. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. वाड्याच्या वारसांपैकी थोरला त्यांचा विद्यार्थी होता. त्याला त्यांनी फोन करून पुण्याहून बोलावले आणि सांगितले, ‘‘आरोप करायचा असेल तर आधी भिंत उघडून बघ.’’ तो आला. आम्ही त्याच्यासमोर छिन्नीने सिमेंटचा गिलावा काढला. आतली माती हाताला ओली लागत होती आणि तुळईच्या टोकात दाभण मुठीपर्यंत विनासायास गेले. मग त्याला आम्ही केलेल्या ओसरीच्या दोन खणांकडे नेले. तिथे तेच दाभण नखाएवढेही शिरले नाही. तो काही बोलला नाही, पण पुढच्या आठवड्यात पूर्ण वाड्याचे काम आमच्याकडे आले, आणि हौदात दोन वर्षे पडून राहिलेला चुना त्याच वाड्याला लागला. तितका मऊ, लोण्यासारखा चुना आम्ही पुन्हा कधी पाहिला नाही. ठेकेदाराने माफी मागितली नाही. तो आता शहराबाहेर फार्महाऊस बांधतो आणि तिथेही पोकळ तुळया ठोकतो, असे ऐकतो.

त्यानंतरची वर्षे कामाची गेली आणि त्यांत सांगण्यासारखे विशेष नाही. उस्ताद गेले, बाईही गेल्या. बाईंची नात तिच्या नवऱ्यासह त्या घरात राहायला आली आणि चैत्राचा फोन ती करते.

जुन्या भागात घर घेऊ पाहणाऱ्यांना, न विचारता, चार गोष्टी सांगतो. घर पाहायला उन्हाळ्यात जाऊ नका. श्रावणात जा आणि भिंतीचा खालचा तीन फुटांचा भाग हाताने चाचपून पाहा. नक्षी पाहण्यात वेळ घालवू नका, तुळयांची टोके पाहा. दाभण नसेल तर लाकडावर बोटांनी ठोका, बद्द आवाज आला तर किंमत कमी करून मागा. चौकात भावांच्या वाटणीची भिंत उभी असेल तर त्या घरात वारा फिरणार नाही, मग भाव कितीही चांगला असो; दोन्ही भावांकडून घेता येत असेल तरच घ्या. सामाईक भिंतीचा प्रश्न शेजाऱ्यांशी आधी बोला, कारण कागदावर काहीही असले तरी भिंत दोघांची असते. न्हाणीची मोरी मातीच्या भिंतीलगत असेल तर पहिला खर्च तिच्यावर करा. गाडी गल्लीत येणार नाही, रुग्णवाहिकाही येणार नाही, हे म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. हे आम्ही सांगतो तेव्हा घर विकणाऱ्याला राग येतो, येऊ द्या. आणि गिलावा झडतो म्हणून सिमेंट मारू नका. कोणी मोफत मारून देत असला तरी नको.

माळवदाची कामे आम्ही होळी ते मृग एवढ्याच काळात घेतो, कारण ओली पांढरी ठोकून काही उपयोग होत नाही. जूनअखेरीस गळती लागली की फोन सुरू होतात, आणि फोन करणाऱ्याला वाटते की पैसे वाढवून दिले तर आम्ही उद्या येऊ. आम्ही त्याला ताडपत्री कशी बांधावी ते सांगतो, बादल्या कुठे ठेवाव्यात ते सांगतो, आणि त्याचे नाव पुढच्या होळीच्या यादीत लिहितो. त्यातले निम्मे लोक तोवर स्लॅबवाल्याकडे जातात.