आजी नेमक्या पडतात कुठे?

आजींची फाईल जाडजूड होती. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा टी-स्कोअर उणे ३.१, म्हणजे हाडं ठिसूळ, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं हाडांची झीज रोखणारं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड. हाडांचा हिशोब दशांशापर्यंत चोख. बाई दोनदा पडल्या त्या कशा, यावर मात्र एक ओळ नाही. आम्हा फिजिओथेरपिस्टकडे 'फिजिओ, बॅलन्स' एवढं लिहून चिठ्ठी येते.

क्लिनिकमध्ये सगळं ठाकठीक. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले की आम्ही सावध होतो. आजींना ११ लागले. एका पायावर ५ सेकंद टिकल्या तरी बरं म्हणतो, त्या ८ टिकल्या. उभं राहिल्यावर बीपीही उतरत नव्हतं. मुलगा म्हणाला, "म्हणजे वयच झालं म्हणायचं." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

म्हणून साताऱ्यातल्या त्यांच्या वाड्यात गेले. मोरीत नव्या खडबडीत फरशा, स्टीलचा दांडा. दांडा प्लंबरला सोयीच्या भिंतीवर. पाटावरून उठताना आजींचा हात तिथे पोचतच नाही. तशाही त्या मोरीत पडल्याच नव्हत्या. दोन्ही वेळा माजघरात, सपाट फरशीवर.

चहा होईपर्यंत मी माजघरातच बसले. आजी तांब्या-भांडं घेऊन आल्या. आतून सुनेनं विचारलं, "आई, गॅस बारीक केलात का?" आजींनी मान वळवून "हो गं" म्हटलं आणि पायात पाय अडकला. पाणी सांडलं, खांदा खांबावर आपटला. शेजारीच होते म्हणून दंड धरता आला.

मग तीच तीन मीटरची चाल पुन्हा घेतली, फक्त सोबत मराठी महिने उलटे म्हणायला लावले. फाल्गुन, माघ, पौष... आणि मार्गशीर्षाला आजी जागच्या जागी थांबल्या. १९ सेकंद! बोलण्यासाठी चालणं थांबवावं लागतं ती वृद्ध माणसं पुढे जास्त पडतात, हे स्वीडनमधल्या अभ्यासातून १९९७ सालीच छापून आलंय. तपासायला खर्च शून्य, तरी कुणी तपासत नाही.

ओट्याला धरून टाचा उचलणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं, आडवी पावलं, फरशीच्या रेघेवर पावलापुढे पाऊल हे सगळं दिलंच. जमेल तसं त्यात बोलणं मिसळायचं: रेघेवरून चालताना भाजीचा हिशोब सांगायचा. कुणीतरी शेजारी उभं राहून, अर्थात. योगवर्गातलं पादहस्तासन बंद करवलं. पुढे वाकलं की मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि ठिसूळ मणका पाचरीसारखा चेपतो. वर्गाच्या बाईंना त्याचा राग आला, येऊ दे.

सुनेनं विचारलं, "म्हणजे त्या चालताना आम्ही बोलायचंच नाही का?" म्हटलं, सध्या मागून हाक मारू नका, समोर येऊन बोला, पण बोलणं तोडू नका.

परवा फोन केला तर कळलं, पाणी द्यायला पूर्णवेळ बाई ठेवलीय. आता आजींना उठावंच लागत नाही, सगळे निर्धास्त! महिनाभरात मांड्या गळतील, मग खुर्चीतून उठायलाही हात लागेल. मुलाला हे फोनवर पटलं नाही. गुरुवारी पुन्हा जातेय, त्या बाईलाच रेघेवरचं चालणं शिकवायला. तांब्या आजींच्या हातात, बाई शेजारी.