दादाच्या चपलांचा आवाज

मंगळवार, रात्री साडेदहा

आज दादा आला तेव्हा मी ओट्याशी होते. तो दिसायच्या आधीच कळलं की आजचा दिवस जरा बरा गेलाय. चपलांवरून कळलं. गेल्या पावसाळ्यात त्या फरशीवरून फरफटत यायच्या. आज टाच टेकल्याचा आवाज आला.

नैराश्य आहे हे कळायला आम्हाला चार महिने लागले. आधी शुगर झाली, थायरॉइड झालं, ईसीजी झाला. सगळं नॉर्मल. मग घरात जो तो सांगायला लागला, सरळ बस, माणसांत ये, तोंड पाडून बसू नकोस. मीही सांगितलं. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतेय, तरी मला त्याचे पडलेले खांदे म्हणजे हट्ट वाटला. त्याचं आज फार वाईट वाटतं.

एक संध्याकाळ डोळ्यांसमोरून जात नाही. वहिनीने चहा आणून दिला. दादाने कप दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून बसला. चहावर साय धरली. भुवयांची आतली टोकं वर ओढलेली, मधोमध आठी. मी शाळेतली काहीतरी गंमत सांगितली. त्याला हसायचं होतं, ते मला दिसलं. गाल जेमतेम हलले आणि थांबले.

नंतर मिळेल ते वाचत गेले. हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला सुमारे १०० ठोके देईल. आपण शांत बसलेलो असताना ते ७०च्या आसपास येतं, कारण मेंदूच्या बुडातून निघून मानेतून छातीत उतरणारी व्हेगस नावाची नस त्याला लगाम घालते. श्वास घेताना लगाम सैल होतो, सोडताना आवळतो. म्हणजे निरोगी नाडीसुद्धा अगदी एका तालात चालत नाही, तिच्या वेगात थोडा चढउतार असतोच. नैराश्यात हा चढउतार सरासरीने कमी सापडतो. फरक तसा लहान, आणि काही औषधांनीही तो कमी होतो. तेव्हा मनगटावरच्या घड्याळातला आकडा बघून कुणाच्या मनाचं निदान करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

मी अडखळले ते पुढच्या ओळींपाशी. हृदयाला लगाम घालणारे तंतू जिथून निघतात, त्याच्या जवळच चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या नसेचं केंद्र आहे. स्वरयंत्राकडे जाणारी फांदी तर व्हेगसचीच. या शेजाऱ्यांचं आपसात किती चालतं यावर तज्ज्ञांत वाद आहेत, आणि ते असू देत. मला एवढं पुरलं की चेहरा, आवाज आणि काळीज यांचा कारभार इतक्या जवळून चालतो. दादाचा सपाट झालेला आवाज, न हललेले गाल, हे त्याने ठरवून केलेलं नव्हतं. जर्मनीत २००९ साली नैराश्यातल्या रुग्णांची चाल मोजली होती. वेग कमी, हातांचे झोके कमी, पाठ वाकलेली, अंग बाजूंना जास्त डुलणारं. वाचताना मला आमची गल्ली दिसत होती, आणि दूध घेऊन परत येणारा दादा.

आज जेवणं झाल्यावर आम्ही पायरीवर बसलो. मी हे सगळं सांगत होते तर त्याने आपणहून मनगट पुढे केलं. "बघ, माझं काय म्हणतंय." मी तीन बोटं ठेवली आणि सावकाश श्वास घ्यायला सांगितलं. घेताना ठोके किंचित घाईत आले, सोडताना रेंगाळले.

"लागतंय?"

"लागतंय."

त्याने हात काढून घेतला नाही. मीही बोटं उचलली नाहीत. पलीकडे वहिनी भांडी विसळत होती.

गोळ्या गुरुवारपर्यंतच पुरतील. उद्या शाळेतून येताना घ्यायच्या. शुक्रवारी डॉक्टरांकडे त्याच्याबरोबर मी जाणार आहे.