उन्हाळ्यात घालता येईल अशी जीन्स शोधताना

उन्हाळा लागला की माझ्या सगळ्या जीन्स कपाटाच्या तळाशी जायच्या आणि पहिला पाऊस येईपर्यंत तिथेच पडून राहायच्या. खरं तर मला जीन्स मनापासून आवडते. खोल खिसे, दणकट कापड, उठता-बसता काही सांभाळावं लागत नाही. पण भर उन्हात गुडघ्यांमागे घाम साचायचा, मांडीच्या आतली शिवण काचायची आणि संध्याकाळी कंबरेभोवती घामोळ्यांचा लालभडक पट्टा उठलेला असायचा. गेल्या उन्हाळ्यात मात्र ठरवलं, की यातून मार्ग काढायचाच.

पहिली खरेदी चुकली. मला वाटलं, पातळ जीन्स घेतली की झालं. दुकानात हाताला मऊ आणि हलकी लागली, ताणली तर रबरासारखी ताणली गेली, आणि एसीच्या गारव्यात अंगावर छानच वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मांड्यांना अशी चिकटली की बाथरूममध्ये सोलून काढावी लागली. तेव्हा आतली पट्टी वाचली: कापसाबरोबर बरंच पॉलिएस्टर आणि थोडं इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा धागा. कापूस नेहमीच्या हवेत स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्काही नाही. त्यामुळे घाम टिपायला कापडात जागाच कमी होती. त्यात इलास्टेनमुळे कापड कातडीला लागूनच राहत होतं, मधून वारा खेळायला फटच नव्हती. इथून माझ्या शोधाची दिशा बदलली. कापड किती जाड याच्याइतकंच कापड आणि अंग यांच्यात किती जागा, हे मी बघायला लागले.

म्हणून मी जुन्या सरळ कटाकडे वळले: बेंबीच्या जवळ बसणारी कंबर, मांडीत ऐसपैस, गुडघ्यापासून खाली जवळजवळ सरळ. हा कट मुळात कष्टाची कामं करणाऱ्यांसाठी होता. जेकब डेव्हिस नावाचा शिंपी आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट, म्हणजे छोटे खिळे, ठोकण्याचं पेटंट १८७३ साली घेतलं, ते कामात खिसे फाटायचे म्हणून. वाकायचं, उकिडवं बसायचं, ओझी उचलायची, तर कापडात सैलपणा हवाच. तोच सैलपणा मला उन्हाळ्यासाठी हवा होता.

मग वजन. डेनिमचं, म्हणजे जीन्सच्या कापडाचं, वजन औंसात सांगतात, म्हणजे एक चौरस यार्ड कापड किती औंस भरतं ते. एक औंस म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ३४ ग्रॅम. माझी जुनी जाडजूड जीन्स १४ औंसांची होती, म्हणजे चौरस मीटरला ४७५ ग्रॅमच्या आसपास. ९ ते १० औंसांत तेच वजन ३०५ ते ३४० ग्रॅमवर येतं, आणि हा फरक अंगावर लगेच कळतो. त्याहून खाली, सहा-सात औंसांवर गेले तेव्हा गुडघ्याला पोक येत होता आणि ती जीन्स वाटतच नव्हती. ९ ते १० औंसांवर माझं मन बसलं. लेबलवर औंस लिहिलेले नसले की मी कापड खिडकीसमोर धरून बघते. उजेडाचे बारीक ठिपके दिसले तर वीण बऱ्यापैकी मोकळी आहे, मिट्ट अंधार दिसला तर ती जीन्स परत हँगरवर.

याच नादात वीणही ओळखायला शिकले. डेनिममध्ये उभे धागे निळीत रंगवलेले आणि आडवे धागे पांढरे असतात, म्हणून बाहेरून निळं आणि आतून फिकट दिसतं. जाड कापडात उभा धागा बहुधा तीन आडव्या धाग्यांवरून जाऊन एकाखालून जातो, हलक्यात दोनांवरून जाऊन एकाखालून. त्यामुळे कापडावर तिरप्या रेघा उमटतात. ‘हलकी डेनिम’ म्हणून मला दाखवलेली एक पँट साध्या विणीची होती, तिरपी रेघ एकही नाही. अशा साध्या विणीच्या कापडाला शाम्ब्रे म्हणतात. शर्टाला सुंदर, पण मला पँटला दम हवा होता.

सगळ्यात जास्त वेळ मापांनी घेतला, आणि तो वेळ मी आनंदाने दिला. घरातली सर्वात आरामशीर पँट पलंगावर सपाट पसरली आणि टेप लावली. कंबर. राइझ, म्हणजे जांघेच्या शिवणीपासून कंबरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंत: ११ इंच. जांघेच्या शिवणीखाली एक इंचावर मांडी: १२ इंच, म्हणजे घेर २४. बॉटम, म्हणजे पायाच्या खालच्या टोकाची रुंदी: ८ इंच, घेर १६. ही चार मापं फोनमध्ये लिहून ठेवली आणि प्रत्येक जीन्स अंगात घालण्याआधी तिच्यावर टेप लावून बघितली. लेबलवरचा कंबरेचा आकडा आणि प्रत्यक्ष कंबर यांत कधी दोन-दोन इंचांचा फरक निघाला. राइझ कमी असली की बसताना पट्टी पोटात रुतते आणि कापड जांघेत ओढलं जातं. माझी घामोळी उठायची ती याच दोन जागी, हे मापं घेता घेता लक्षात आलं.

बायकांच्या विभागात सरळ कटाची, शंभर टक्के सुती जीन्स मला मिळेचना. जवळजवळ प्रत्येकीत इलास्टेन. शेवटी पुरुषांच्या विभागात गेले. तिथे साडेनऊ औंसांची, मध्यम फिकट निळी, पूर्ण सुती एक सापडली. गडद रंग मुद्दाम टाळला. उन्हात गडद कापड जास्त तापतं, शिवाय नीळ धाग्याच्या वरवरच्या थरातच असते, त्यामुळे नवी गडद जीन्स घामाने अंगाला रंग लावते. ट्रायल रूममध्ये घालून मी स्टुलावर बराच वेळ बसले, उकिडवी बसले, पाय उचलून पायरी चढल्यासारखं केलं. उभी असताना मांडीवरचं दोन-अडीच इंच कापड चिमटीत येत होतं आणि बसल्यावरही थोडं येत होतं. बाकी मापं जुळूनही याच परीक्षेत मी आधी चार जीन्स नाकारल्या होत्या.

अडचण एकच: नितंबांना नीट बसली तरी मागे कंबरेला हात जाईल एवढी फट राहत होती. ते काम टेलरकाकांचं. पण आधी दोनदा धुवायची, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि ते खरंच ऐकावं असं आहे. सॅनफोर्ड क्लुएट यांच्या नावावरून १९३०च्या सुमारास आलेल्या सॅनफोरायझिंग प्रक्रियेमुळे कापड आधीच आटवून घेतात, तरी दोन-तीन टक्के ते नंतरही आटू शकतं. आतून तीस इंच लांब असलेल्या पायात तीन टक्के म्हणजे जवळजवळ एक इंच. आधी कापून घेतली असती तर घोट्याच्या वर गेली असती.

दोन धुण्यांनंतर काकांनी पट्टी मागे मधोमध उसवली, खालच्या शिवणीतूनही घेत कंबर सव्वा इंच आत घेतली आणि पट्टी पुन्हा शिवली. मग मी आतले खिसे दाखवले. खिशाचं अस्तर पॉलिएस्टरचं होतं आणि मांडीवर नेमकं तिथेच दोन थर होत होते. काका म्हणाले, “ताई, हे तर कोणी बघत नाही.” पण त्यांनी पातळ सुती कापडाचे खिसे लावून दिले. माझ्या मते सगळ्या बदलांत हा लहानसा बदल सगळ्यात मोलाचा ठरला.

आता ती जीन्स आठवड्यातून तीनदा अंगावर असते. चालताना बॉटममधून वारा वर येतो आणि कंबरेवर यंदा एकही पुरळ नाही. उलटी करून, गार पाण्यात, इतर निळ्या कपड्यांबरोबर धुते आणि सावलीत वाळवते. एक मर्यादा मान्य करायला हवी: हवा दमट आणि वारा पडलेला असला की सुती डेनिम एकदा भिजली की लवकर वाळत नाही. अशा दिवशी मी लिननची सैल पँट घालते.

लांबी अजून कमी केलेली नाही. खाली एक घडी घालूनच वापरते आहे. तिसऱ्या धुण्यात आणखी पाव इंच आटली, म्हणून काकांना सांगून ठेवलं आहे की आणखी एका धुण्यानंतर येते.