बरणीतलं पाणी अखेर सपाट झालं

मी करत असलेल्या चित्रकाराच्या इवल्याशा खोलीतली (१:१२, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्श्याच्या मापातली) ब्रश धुवायची बरणी भरली! आत रंगाने गढूळलेलं पाणी आहे आणि त्याचा पृष्ठभाग या काठापासून त्या काठापर्यंत सपाट आहे. ब्रश अजून आत जायचे आहेत, पण मागच्या दोन्ही नोंदींमध्ये अडून बसलेलं काम सुटलं, म्हणून आजच लिहायला घेतलं.

अडचण अशी होती. पाणी म्हणून रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक द्रव प्लास्टिक) भरलं की ते बरणीच्या भिंतीला धरून वर चढतं. खरी बरणी १२ सेंमी उंच धरली, तर १:१२ मध्ये ती १० मिमी होते. ती कापली ती नळी ॲक्रिलिकची (काचेसारख्या प्लास्टिकची), व्यास बाहेरून ६ मिमी, आतून ५. एवढ्या अरुंद जागेत रेझिन मधल्यापेक्षा काठाशी साधारण दीड मिमी वर जाऊन बसतं. दीड मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण बाराने गुणा: १८ मिमी. काचेच्या खऱ्या पेल्यात पाणी काठाशी दोन-तीन मिमी चढतं आणि डोळ्याला तेवढ्याचीच सवय असते. बरणी कितीही सुबक असो, आतला पृष्ठभाग असा खोलगट दिसला की पाहणाऱ्याला लगेच कळतं, हे पाणी नव्हे, डिंकासारखं काहीतरी आहे.

लांबी, रुंदी, उंची आपण बाराने भागतो. पृष्ठताण भागता येत नाही. इंग्लंडच्या विंडसर कासलमधलं क्वीन मेरीचं बाहुलीघर घ्या. वास्तुकार एडविन ल्युटेन्स यांनी आखलेलं, १९२४ मध्ये पुरं झालेलं, तेही १:१२ मध्येच. तिथल्या नळांना खरं पाणी येतं. त्या कारागिरीपुढे मी नेहमीच नतमस्तक आहे, पण त्या नळातून पडणारा थेंबही बारापट लहान होत नाही. म्हणूनच आपल्या कामात पाणी ही वस्तू लाकूड, धातू, कापड या सगळ्यांपेक्षा अवघड आहे असं माझं ठाम मत झालंय.

यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशात घट्ट होणारं) मी या बरणीसाठी बाद केलं. दिव्याखाली चटकन घट्ट होतं हे खरं, पण काठावर चढायला त्याला तेवढाही वेळ लागत नाही. शिवाय घट्ट होताना ते आकसतं. छोट्या दागिन्यांना, दिव्यांच्या काचांना ठीक आहे. पाण्यासाठी मी आता दोन भाग मिसळून घट्ट होणारं इपॉक्सी रेझिनच घेते. चोवीस तास थांबावं लागतं, तर थांबावं.

मग मेण. साच्याला लावतात ते रिलीज वॅक्स बरणीच्या आतून सगळीकडे लावलं, की रेझिनचं चढणं एकदम कमी होतं. मेणाच्या पृष्ठभागाला ते धरत नाही. पण दुसऱ्या दिवशी बरणी उजेडात धरली आणि काळजात धस्स झालं: भिंतीलगत चंदेरी पट्टे. रेझिन भिंतीपासून सुटतं, मध्ये केसाएवढी हवा शिरते आणि ती फट आरशासारखी चमकते. पाणी सपाट, पण बरणीत पाऱ्याचे डाग. मेण नको तर चढतं, मेण हवं तर सुटतं. या पेचात काम खूप दिवस पडून होतं.

उत्तर इतकं सरळ निघालं की आता हसू येतंय. मेण फक्त पाण्याच्या रेषेच्या वर लावायचं. खाली भिंत कोरी, तिथे रेझिन घट्ट चिकटतं, चंदेरी फट पडत नाही. रेझिन वर येतं, मेणाच्या कडेशी पोचतं आणि तिथेच थबकतं. ती कडा म्हणजे त्याची लक्ष्मणरेषा. कडेपर्यंत बरोबर भरलं की मधला भागही त्याच उंचीला येतो.

मेणाची कडा सरळ येणं हेच खरं काम आहे. टूथपिकच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, आणि टोकापासून २.५ मिमीवर मास्किंग टेपचा जाड वेढा द्यायचा. बरणी उलटी धरून टूथपिक आत घातली की वेढा काठावर टेकतो, कापूस त्याच्यापुढे जाऊच शकत नाही. बरणी बोटांत फिरवायची, टूथपिक स्थिर ठेवायची. मेण नावापुरतंच, जास्त झालं तर ओघळून खाली जातं आणि तिथे पुन्हा चंदेरी डाग.

भरायला एक मिलीची सिरिंज आणि बोथट टोकाची सुई. साडेसात मिमी उंचीच्या पाण्याला रेझिन जेमतेम ०.१५ मिली लागतं, त्यामुळे बाटलीतून ओतणं विसरा. सुई तळाशी नेऊन खालून वर भरायचं, म्हणजे हवा अडकत नाही. शेवटचा अंश टूथपिकच्या टोकाने द्यायचा आणि थांबायचं. गढूळपणासाठी खडूच्या रंगांची पूड वापरली. पाण्यातले ॲक्रिलिक रंग इपॉक्सीत मिसळायला माझा विरोध आहे. तळाशी गडद थर, तो जरा घट्टसर झाला की वर फिकट. मधली सीमा आपोआप धूसर होते, अगदी बसलेल्या गाळासारखी.

सपाटी तपासायला खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब पाहिलं. गज सरळ दिसले. तेवढ्यासाठी सकाळभर बरणी हातातून खाली ठेववली नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. नळीची भिंत ०.५ मिमी, म्हणजे खऱ्या मापात ६ मिमी. असली जाड बरणी कुठे असते? पण ॲक्रिलिक आणि इपॉक्सी दोन्ही प्रकाश जवळजवळ सारखाच वळवतात, त्यामुळे पाण्याखाली भिंतीची आतली कड दिसेनाशी होते. जाडी डोळ्यात खुपते ती फक्त पाण्याच्या वर. म्हणून पातळी आणखी वर न्यावी असं ठरवलं होतं, पण हे लिहितानाच दुसरं सुचतंय: पाण्याच्या रेषेपासून काठापर्यंत भिंत आतून तासून पातळ केली तर? पॉलिश पेपरचा शंकू करून फिरवला की काठ ०.२ मिमीवर येईल. शिवाय जिथे भिंत बाहेर कलते तिथे रेझिनला चढायला आणखी जड जातं, म्हणजे मेणाला मदतच. पातळी आहे तिथेच राहू दे, पुढची बरणी तासूनच करणार.

ब्रशच्या दांड्यांनाही तोच न्याय. दांडी ०.५ मिमी जाड, तिच्याभोवतीही रेझिनची छोटी टेकडी उभी राहते. दांड्यांना रेषेच्या वर मेण लावून मगच ओल्या रेझिनमध्ये उभ्या करायच्या, भोकं पाडून नंतर खोचायचा बेत रद्द.

बाकी खोलीची प्रगती थोडक्यात. रंगाच्या ट्यूब झाल्या, ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीच्या, ८ मिमी लांब. तळाची दुमड चिमट्याने दोनदा घातली की दाबून वापरलेली ट्यूब हुबेहूब येते. ईझल (चित्र ठेवायची घोडी) उभं आहे. नळी विकणाऱ्यांना एकच विनंती: नुसतं "१:१२ साठी योग्य" लिहू नका, आतला व्यास लिहा. ५ म्हणून मागवलेली नळी ४.६ निघाली की सगळी गणितं नव्याने मांडावी लागतात.

निगेबद्दल ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: ॲक्रिलिक कोरड्या फडक्याने पुसू नका, घासल्यावर ते आणखी धूळ ओढतं. मऊ केसांचा ब्रश आणि हवा मारायचा हाताचा फुगा पुरेसा. कापलेल्या कडांना अल्कोहोल अजिबात लावू नका, बारीक तडे जातात. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, म्हणून रूमबॉक्स (अशी खोली ज्या पेटीत मांडतात ती) खिडकीसमोर नको. माझा आता आतल्या भिंतीवर हलवलाय.

पुढे सिंकखालची बादली. तिचा व्यास २५ मिमी, म्हणजे मध्ये पाणी आपोआप सपाट, फक्त कडेचं कडं आवरायचं. बादली पत्र्याची आहे, चंदेरी फट तिथे दिसणारच नाही, तेव्हा सगळीकडे मेण लावलं तरी चालेल असं वाटतंय. पत्र्यावर इपॉक्सी कुणी भरलं असेल तर ते सुटून हलायला लागलं का, एवढं कळवा.