चौथा रकाना

आम्ही डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावं, घेऊन विकतो. या धंद्याची सगळी मालमत्ता एका एक्सेल शीटमध्ये मावते. २००४ साली आम्ही दोघांनी सुरुवात केली तेव्हा त्या शीटमध्ये एक्केचाळीस ओळी होत्या आणि तीन रकाने: नाव, घेतल्याची तारीख, रिन्यूअल. चौथा रकाना भागीदाराने घातला आणि त्याला मथळा दिला, ‘का घेतलं’.

मी हसलो. मोकळं होतं म्हणून घेतलं, विकलं जाईल म्हणून घेतलं, आणखी काय लिहायचं? तो म्हणाला, “हे उत्तर सगळ्याच ओळींना चालतं, म्हणजे ते उत्तर नाही. हा शब्द कोणाच्या उपयोगाचा आहे ते लिही. लिहिता येत नसेल तर घेऊ नको.” तो पूर्वी हिशेबतपासणीच्या कामात होता, रिकामा रकाना दिसला की त्याला चैन पडत नसे. मी कुरकुरत लिहायला लागलो. ‘वजनकाटे विकणारे.’ ‘भाड्याने सायकली देणारे.’ ‘लहान मुलांच्या गोष्टी, कदाचित मासिक.’

आम्ही आलो तेव्हा साय कधीच काढून झाली होती. पहिलं डॉट कॉम १५ मार्च १९८५ ला नोंदलं गेलं आणि पुढची दहा वर्षं नाव घ्यायला पैसेच पडत नव्हते. १९९५ च्या सप्टेंबरात दोन वर्षांचे १०० डॉलर लागू झाले, तेव्हा कुठे लोकांना वाटलं की यात काहीतरी असावं. नुसत्या रोमन अक्षरांची तीन अक्षरी डॉट कॉम सगळी मिळून १७,५७६ होतात. ती आमच्या आधीच संपली होती. १९९९ मध्ये बिझनेस डॉट कॉम ७५ लाख डॉलरला गेल्याची बातमी मी नोकरीत असताना वाचली आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हणालो, “लोकांना वेड लागलंय.” तो शेजारचा माणूस म्हणजेच पुढचा भागीदार. हे वाक्य तो मला अजून ऐकवतो.

आमच्या वाट्याला दोन शब्द जोडून होणारी नावं उरली, आणि ड्रॉप, म्हणजे मुदत संपून सुटणारी नावं. ड्रॉपबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आमची खरी कमाई तिथली आणि लाजही तिथलीच.

मुदत संपल्यावर रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी, ते ४५ दिवसांपर्यंत आपल्या हातात ठेवू शकतो. मग ३० दिवस रिडेम्प्शन, म्हणजे मूळ मालकाला ते सोडवून घ्यायची संधी, मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, ज्यात मूळ मालकालाही काही करता येत नाही. त्यानंतर नाव सुटतं आणि ज्याची विनंती रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्या नावांची मूळ नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, आधी पोचेल त्याचं होतं. भागीदाराने यासाठी एक स्क्रिप्ट लिहिली होती. दिसायला ओबडधोबड, पण मी त्यानंतर विकत घेतलेल्या कुठल्याही साधनाने इतकं कमी खाऊन इतकं दिलेलं नाही. ती आदल्या रात्री यादी आणायची, हायफन आणि आकडेवाली नावं गाळायची, इतर साइटवरून येणारे जुने दुवे मोजायची आणि पहाटे तीसेक नावं पुढे ठेवायची. त्यातली आम्ही चारपाच धरायचो आणि एखादं मिळायचं. प्रत्येक रजिस्ट्रारला रजिस्ट्रीकडे ठरावीक जोडण्या मिळतात. आमच्या स्पर्धक कंपनीने नुसत्या जोडण्या वाढाव्यात म्हणून डझनांनी रजिस्ट्रार मान्यता घेऊन ठेवल्या होत्या, पत्ता सगळ्यांचा एकच. आमच्याकडे एक, तोही दुसऱ्याचा.

त्याच काळात टेस्टिंगची, म्हणजे नावं चाखून बघण्याची, साथ होती. नोंदणीनंतर पाच दिवसांत परत केलं तर पैसे परत, हा चुका सुधारण्यासाठीचा नियम. लोकांनी त्याचा उपयोग असा केला: हजारोंनी नावं उचलायची, जाहिरातीचं पान लावायचं, क्लिक पडतील ती ठेवायची, बाकीची चौथ्या दिवशी टाकून द्यायची. २००९ पर्यंत आयकॅनने, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, परताव्याला मर्यादा घातली आणि तो प्रकार जवळजवळ संपला. आम्ही त्यात नव्हतो असं लिहायला बरं वाटलं असतं. होतो, तीन महिने. मग भागीदाराने विचारलं की पाच दिवसांत टाकायच्या नावापुढे चौथ्या रकान्यात काय लिहायचं, आणि ते बंद झालं.

आता ती लाज. २००६ मध्ये स्क्रिप्टने एक नाव पुढे केलं, भरपूर दुवे असलेलं. डोंगरात अडकलेल्यांना शोधून आणणाऱ्या एका स्वयंसेवकांच्या गटाचं. गट बंद पडला असेल असं मी धरून चाललो. बघायला दोन मिनिटं लागली असती. पकडलं, पार्क केलं, म्हणजे त्यावर जाहिरातींचं पान लावलं. चौथ्या रकान्यात मी लिहिलं, ‘मोकळं होतं’. अकरा दिवसांनी फोन आला. बोलणाऱ्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट तोच ओशाळलेला. रिन्यूअलचे मेल ज्या खात्यावर जायचे ते खातं त्याच डोमेनवरचं होतं. मुदत संपली, नाव बंद पडलं, त्याबरोबर मेलही बंद. रजिस्ट्रारने मुदतीनंतरही एखादी सूचना पाठवली असेल. पण ती वाचणार कोण? दरम्यान त्यांच्या पत्त्यावर येणाऱ्या माणसाला आमचं पान दिसत होतं, गिर्यारोहणाच्या बुटांच्या जाहिराती.

मी किंमत सांगितली. आम्हाला पडलं होतं त्याच्या नव्वदपट. त्यांनी घासाघीस न करता एस्क्रोमध्ये, म्हणजे मध्यस्थाकडे, पैसे भरले, मी नाव हलवायचा ऑथ कोड दिला, व्यवहार तीन दिवसांत पुरा झाला. ट्रेडमार्क नव्हता, तक्रार नव्हती, बनाव नव्हता. भागीदाराने नव्वदचा भागाकार स्वतः करून पाहिला आणि शीटमधली ती ओळ पिवळी करून ठेवली. दीड वर्षाने तो बाहेर पडला तेव्हा कारण म्हणून त्याने वडिलांची तब्येत सांगितली. मी ते मानून घेतलं.

२००९ मध्ये मी ते पैसे परत पाठवले, आमचा खर्च वजा करून. त्यांनी देणगीची पावती पाठवली. आभारासह.

या निमित्ताने सांगून ठेवतो: आपल्या डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनवरचा मेल कधीही देऊ नका. ऑटो रिन्यू लावलात तरी कार्डाची मुदत तपासा. आणि नाव वेबसाइट करणाऱ्या पोराच्या नावावर आहे की तुमच्या, हे आज बघा, उद्या नको. पुष्कळ रजिस्ट्रार मुदत संपलेलं नाव ड्रॉपपर्यंत जाऊच देत नाहीत, आधीच लिलावात काढतात. म्हणजे तुम्ही विसरलात तर आठवण करून देणाऱ्याचाच फायदा. आम्हाला स्क्वॉटर, म्हणजे दुसऱ्यांची नावं बळकावून बसणारे, म्हणणाऱ्यांनी हेही कधी मोजावं.

मधली वर्षं बरी गेली. २०१२ वर येतो.

एक शब्द होता आमच्याकडे. कोणता ते सांगत नाही, अजून विकायचा आहे. शब्दकोशातला, घराघरात रोज उच्चारला जाणारा. २००५ मध्ये लिलावात घेतलेला, चौथ्या रकान्यात भागीदाराच्या टायपिंगमध्ये ‘दिवे विकणारे, नाहीतर अभ्यासिका’. २०१२ च्या सुरुवातीला फुकटच्या मेल खात्यावरून विचारणा आली: विद्यार्थी आहे, छोटासा प्रकल्प आहे, कितीला द्याल? मी भोळेपणाने आकडा कळवला. (पहिल्या मेलला आकडा कधीही कळवू नका. आधी विचारणारा कोण ते विचारा.) सात आठवड्यांनी यूडीआरपीची, म्हणजे डोमेनचे वाद पंचांपुढे मिटवायच्या धोरणाखालची, तक्रार दाखल झाल्याची सूचना आली. तक्रारदार एक कंपनी, २०१० मध्ये स्थापन झालेली, नाव तोच शब्द. परिशिष्ट ६ मध्ये माझा मेल, आकड्याखाली रेघ मारलेला.

१९९९ मध्ये ते धोरण ठरलं तेव्हापासून तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखं आहे, धारकाचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि नाव वाईट हेतूने नोंदलं तसंच वापरलंही जातंय. तिसऱ्या अटीत ‘नोंदलंही आणि वापरलंही’ असं आहे. आम्ही नोंदलं २००५ मध्ये. जी कंपनी जन्मलीच नव्हती तिचं नाव ढापायला ज्योतिषी लागतो. हे त्यांच्या वकिलाला कळत नव्हतं असं मी मानत नाही. हिशेब साधा होता: एका पंचाची फी १,५०० डॉलर, आणि मी सांगितलेली किंमत तिच्या कितीतरी पट. वीस दिवसांत समोरच्याने उत्तर दिलं नाही तर स्वस्तात सुटलं.

नाव कुलूपबंद झालं. तेही चाललं असतं, पण तेव्हाच आमचा तीनशे नावांचा एकगठ्ठा सौदा ठरत आला होता. घेणाऱ्याने चालू तक्रारींच्या यादीत आमचं नाव पाहिलं आणि ‘हे मिटू द्या’ म्हणून मागे गेला. परत आला नाही. पार्किंगचं उत्पन्न आधीच आटत चाललेलं. शीटमध्ये तेव्हा १,१४० ओळी होत्या आणि पुढच्या चार महिन्यांत त्यातल्या निम्म्याहून जास्त नावांची रिन्यूअल यायची होती. मी पंचाच्या फीचा चेक लिहू की नावं वाचवू, असं झालं. तीन पंच मागितले की निम्मी फी आपल्या माथी, २,००० डॉलर, वकील वेगळा. एका पंचावर सोडायचा धीर झाला नाही.

मी ७०० नावं सोडली. कोणती सोडायची हे ठरवायला तीन रात्री लागल्या आणि त्यातही चौथा रकानाच कामी आला: जिथे दोन शब्दांत उरकलेलं होतं ती आधी. तरी सायकलवालं गेलं. त्या दिवशी मी ड्रॉपची वेळ धरून स्क्रीनसमोर बसलो, का ते विचारू नका. त्याच जुन्या स्पर्धक कंपनीने ते उचललं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लिलावात, आमच्या किमतीच्या तिप्पट.

भागीदाराला मी फोन केला नव्हता. त्याने तक्रारींची यादी पाहून केला. दोन आठवडे येऊन बसला. २००५ च्या शीटच्या सीडी त्याने जपून ठेवल्या होत्या, तारखांसकट, आणि ‘दिवे विकणारे, नाहीतर अभ्यासिका’ ही ओळ आमच्या उत्तराचं पहिलं परिशिष्ट झाली. सोबत अशाच शे-दोनशे ओळी: हे लोक ब्रँड गोळा करत नाहीत, शब्द गोळा करतात, एवढंच दाखवायला. पिवळी ओळ त्यात द्यायची का, असं त्याने विचारलं. मी नको म्हणालो. तो काही बोलला नाही.

तक्रार फेटाळली गेली, तिन्ही पंचांच्या मताने. निकाल अठरा पानांचा, त्यातला एक परिच्छेद आम्ही मागितलेल्या शेऱ्याबद्दल: तक्रार म्हणजे उलट अपहरणाचा, धारकाकडून नाव हिसकावण्याचा, प्रयत्न होता असं नोंदवा. पंचांनी लिहिलं की तक्रारदाराने आधी अधिक विचार करायला हवा होता, पण इतका कठोर शेरा आवश्यक वाटत नाही. शेरा मिळाला असता तरी पैसे मिळाले नसते. त्या प्रक्रियेत खर्च वसूल होतच नाही. आमचंच नाव आम्हाला मिळालं. निस्सान डॉट कॉमचं लोकांना माहीत आहे: उझी निस्सान नावाच्या माणसाने स्वतःच्या आडनावाचं, स्वतःच्या संगणकाच्या धंद्यासाठी १९९४ मध्ये घेतलेलं नाव. मोटार कंपनीने १९९९ मध्ये दावा लावला, वर्षानुवर्षं चालला, आणि २०२० मध्ये उझी निस्सान वारला तेव्हाही नाव त्याच्याकडेच होतं. जिंकला म्हणतात त्याला. त्याने कितीला जिंकलं हे कोणी विचारत नाही.

उलट टोकाला डेनिस टोप्पेन नावाचा माणूस. १९९५ मध्ये पॅनाव्हिजन डॉट कॉम घेतलं, तिथे पाना नावाच्या गावाची विमानातून काढलेली छायाचित्रं लावली आणि पॅनाव्हिजन या सिनेमाचे कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीकडे १३,००० डॉलर मागितले. १९९८ मध्ये न्यायालयात हरला. आम्हाला त्याच्या पंगतीत बसवतात तेव्हा मला राग येतो. आमच्यातले लोक मग जमिनीची उपमा देतात: मोकळा प्लॉट घेतला, भाव आल्यावर विकला, चुकलं काय? मला ती उपमा पटत नाही. डोमेन एका वेळी दहा वर्षांच्या वर घेताच येत नाही. एक रिन्यूअल चुकलं की गेलं. आपण मालक नसतोच, आपण फक्त पाळीवर बसलेलो असतो. त्या डोंगरातल्या गटाची पाळी एका मेल खात्यामुळे हुकली आणि मी त्यांच्या जागेवर बसलो. पंचांपुढे ते गेले असते तर, ट्रेडमार्क नसलेल्यांचं तिथे काय होतं ते माहीत असल्याने सांगतो, बहुधा मीच जिंकलो असतो.

आज शीटमध्ये ६१२ ओळी आहेत. चालू संस्थेचं सुटलेलं नाव सापडलं तर आम्ही पकडतो, कळवतो आणि पडत्या खर्चात देतो. गेल्या वर्षी कामाला लागलेल्या मुलाला हे अजून पटलेलं नाही. मीही त्या वयात हसलो होतो.

तो शब्द आमच्याकडेच आहे. दर वर्षी कोणीतरी ब्रोकर ‘नाव उघड न करणाऱ्या’ ग्राहकासाठी विचारतो. ग्राहक कोण ते ब्रोकरलाही माहीत असतं आणि मलाही. २०१२ मध्ये सांगितलेल्या किमतीच्या चौपट मी कळवतो. भागीदार म्हणतो, ही किंमत नाही, हा रुसवा आहे, आणि तसं असेल तर चौथ्या रकान्यात तेच लिही. दहा वर्षांचं रिन्यूअल एकदम भरलंय. रकान्यात अजून दिवे विकणारेच आहेत.